टेक्सासमध्ये रविवारी दारू घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन, सॅन अँटोनियो या भागांत दर वर्षी बरीच मराठी मंडळी नव्याने येतात. कुणी शिकायला, कुणी नोकरीसाठी, कुणी मुलांकडे सहा महिने राहायला. रविवारी संध्याकाळी पाहुणे यायचे असतात, व्हिस्की आणायला गाडी काढली जाते आणि दुकानाला कुलूप दिसतं. मग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तेच प्रश्न फिरतात आणि त्यांना मिळणारी निम्मी उत्तरं दुसऱ्याच राज्यातली असतात. म्हणून टेक्सासपुरती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. वेळा राज्याच्या कायद्यातल्या आहेत. एखादं दुकान त्याहून उशिरा उघडू शकतं किंवा लवकर बंद होऊ शकतं, पण कायद्याच्या वेळेबाहेर कुणालाच विकता येत नाही.

रविवारी दारू मिळतच नाही का?

बिअर आणि वाइन मिळते. व्हिस्की, रम, वोडका, जिन, टकीला, ब्रँडी यांची बाटली विकत मिळत नाही. रेस्टॉरंटमध्ये किंवा बारमध्ये बसून मात्र यातलं काहीही घेता येतं. मूळ नियम एवढाच आहे, बाकी सगळे त्याचे फाटे.

बिअर आणि वाइन किती वाजल्यापासून मिळते?

रविवारी सकाळी १० ते रात्री १२. आधी ही वेळ दुपारी १२ ला सुरू व्हायची. २०२१ च्या अधिवेशनात कायदा बदलला आणि १ सप्टेंबर २०२१ पासून ती दोन तास अलीकडे आली. जुन्या लोकांच्या डोक्यात अजून दुपारी बाराच असतात, त्यामुळे ग्रुपवर दोन उत्तरं दिसतात. दहा हे बरोबर.

सोमवार ते शुक्रवार ही विक्री सकाळी ७ ते मध्यरात्रीपर्यंत चालते. शनिवारची विक्री रात्री १ पर्यंत म्हणजे तांत्रिकदृष्ट्या रविवार उजाडेपर्यंत लांबते. त्यानंतर सकाळी दहापर्यंत किराणा दुकानातली बिअरची कपाटं उघडी दिसली तरी विक्री बंद असते. काउंटरवरचं यंत्रच तो माल घेत नाही. तिथे उभ्या असलेल्या मुलीशी वाद घालू नका. वेळेबाहेर विकलं तर दुकानाचा परवाना धोक्यात येतो आणि तिची नोकरीही.

मग व्हिस्कीचं दुकान कधी उघडं असतं?

सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते रात्री ९. शनिवारी रात्री नऊला दार बंद झालं की ते सोमवारी सकाळी दहाला उघडतं. मध्ये पूर्ण ३७ तास जातात. रविवारी जेवायला माणसं बोलावली असतील तर बाटली शनिवारी दुपारीच आणून ठेवावी.

रविवारखेरीज थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि १ जानेवारी या तीन दिवशीही ही दुकानं कायद्याने बंद असतात. ख्रिसमस किंवा नववर्षाचा दिवस रविवारी आला तर पुढचा सोमवारही बंद. २५ डिसेंबर २०२२ आणि १ जानेवारी २०२३ हे दोन्ही रविवार होते, तेव्हा लागोपाठ दोन आठवडे असं झालं. २०२७ मध्ये ख्रिसमस शनिवारी येतो आणि त्याच्या पुढच्या शनिवारी १ जानेवारी २०२८. त्यामुळे शनिवार-रविवार असे दोन दिवस, दोनदा. ज्यांच्या घरी नाताळच्या सुट्टीत भारतातून माणसं येणार आहेत त्यांनी हे आत्ताच लिहून ठेवायला हरकत नाही.

रविवारी कॅनमधलं कॉकटेल किराणा दुकानात दिसतं. ते कसं चालतं?

आत काय आहे त्यावर चालतं. फळांच्या चवीचे जे फसफसणारे कॅन मिळतात, त्यातले काही बिअरसारखे आंबवून केलेले असतात. ते बिअरच्या परवान्यात बसतात आणि रविवारी मिळतात. हुबेहूब तसाच दिसणारा दुसऱ्या कंपनीचा कॅन खऱ्या वोडकाचा किंवा टकीलाचा असतो, आणि तो फक्त लिकर स्टोअरमध्ये, म्हणजे सोमवार ते शनिवारच मिळतो. दोन्हींतलं अल्कोहोलचं प्रमाण बहुतेक वेळा सारखंच, सुमारे पाच टक्के असतं. मला हा फरक पटत नाही. पाच टक्के ते पाच टक्केच, मग ते उसाच्या साखरेपासून आलेले असोत किंवा वोडकातून. पण कायदा प्रमाण बघत नाही, जात बघतो.

वाइनच्या बाबतीत मात्र प्रमाण बघितलं जातं. १७ टक्क्यांपेक्षा तीव्र वाइन, उदाहरणार्थ पोर्टचे बरेचसे प्रकार, रविवारी विकत मिळत नाहीत.

रेस्टॉरंटमध्ये सकाळी ब्रंचला गेलो तर?

रविवारी १० ते १२ या वेळात जेवणाबरोबर मिळतं, नुसतं पेय मागितलं तर नाही. बारानंतर ती अट संपते. रात्री बारापर्यंत विक्री चालते आणि ज्यांच्याकडे उशिराचा परवाना आहे तिथे रात्री दोनपर्यंत. खेळाची मैदानं आणि जत्रा यांना सकाळी दहापासूनच जेवणाच्या अटीशिवाय विकता येतं. रविवारचे फुटबॉलचे सामने इथल्या वेळेनुसार अनेकदा दुपारी बाराला सुरू होतात, त्याआधी गर्दी दोन तास मैदानाबाहेर असते, हे लक्षात घेतलं की या सवलतीचं कारण कळतं. हॉटेलात मुक्कामाला असलेल्या, नाव नोंदवलेल्या पाहुण्यांना २०२१ पासून वेळेचं बंधन नाही.

रेस्टॉरंटमधून कॉकटेल घरी नेता येतं का? रविवारीसुद्धा?

येतं. करोनाच्या काळात दिलेली ही सूट मे २०२१ मध्ये कायमची झाली. बरोबर खाण्याची ऑर्डर हवी आणि भांडं सीलबंद हवं. गाडीत ते पुढे, हाताशी ठेवू नका, डिकीत ठेवा. रविवारी व्हिस्कीची बाटली मिळत नाही, पण बिर्याणीबरोबर व्हिस्की घातलेलं कॉकटेल मिळतं. नियम विसंगत आहे हे खरं, पण सध्या तो असा आहे.

आपल्याकडच्या ड्राय डेसारखंच हे आहे ना?

नाही, आणि इथेच नव्या माणसाचा गोंधळ होतो. महाराष्ट्रातला ड्राय डे तारखेने किंवा तिथीने येतो: २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी आणि कार्तिकी एकादशी, मतदान संपण्याआधीचे ४८ तास. त्या दिवशी दुकान बंद आणि परमिट रूमही बंद. बंदी पिण्याच्या जागेलाही लागू होते.

टेक्सासचा रविवार बाटली विकण्यापुरता आहे. बार उघडे, रेस्टॉरंट उघडी, किराणा दुकानात बिअर. घरी शनिवारी आणून ठेवलेली व्हिस्की रविवारी पिण्यावर कसलीच आडकाठी नाही. ४ जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनी, तो रविवारी आला नाही तर लिकर स्टोअर उघडी असतात.

पिण्याचं परमिट ही गोष्टही इथे नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार अजूनही एक दिवसाचं, वर्षाचं किंवा आजन्म परमिट लागतं. बिअर-वाइनला वयाची अट २१ आणि कडक दारूला २५. इथे सगळ्याला २१. त्यामुळे पुण्याहून आलेला २२ वर्षांचा विद्यार्थी इथे व्हिस्की कायदेशीर घेऊ शकतो, पुण्यात नाही.

पण रविवारच का?

याचं उत्तर लांब आहे आणि मला वाटतं ते माहीत असायला हवं, कारण "चर्चमुळे" एवढं म्हणून लोक थांबतात.

सुरुवात चर्चपासूनच होते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन ३२१ मध्ये रविवारी न्यायालयं आणि शहरांतले व्यवसाय बंद ठेवण्याचा हुकूम काढला. इंग्रज वसाहतवाले अमेरिकेत आले ते हीच रीत घेऊन. व्हर्जिनियात १६१० च्या सुमारासच रविवारी प्रार्थनेला येणं सक्तीचं होतं. पुढे जवळजवळ प्रत्येक राज्याने रविवारी काय विकू नये याची यादी केली. या कायद्यांना इथे 'ब्लू लॉ' म्हणतात.

दारूबंदी हा त्यातला वेगळा धागा. देशभर दारूबंदी १९२० पासून १९३३ पर्यंत होती. ती उठवणाऱ्या घटनादुरुस्तीतच, एकविसाव्या, दारूचं नियमन राज्यांकडे सोपवलं गेलं. आज ५० राज्यांत ५० नियम दिसतात त्याचं मूळ ५ डिसेंबर १९३३ ला मंजूर झालेल्या त्या दुरुस्तीत आहे. टेक्सासने स्वतःची राज्य पातळीवरची बंदी आणखी दोन वर्षं ठेवली आणि १९३५ मध्ये उठवली. ग्लासाने कडक दारू विकायला तर इथे १९७१ उजाडावं लागलं. त्याआधी बाटली मिळायची, पेग नाही.

आता रविवारच्या बाकीच्या वस्तूंची गोष्ट. टेक्सासमध्ये १९६१ च्या कायद्यात ४२ वस्तूंची यादी होती. त्या लागोपाठच्या शनिवारी आणि रविवारी, दोन्ही दिवस विकता येत नसत. त्यात भांडीकुंडी होती, कपडे धुण्याची यंत्रं होती. दुकानदाराने एक दिवस निवडायचा, म्हणून बहुतेक सगळे रविवार सोडायचे. हा कायदा १९८५ मध्ये रद्द झाला. उरलं काय? मोटारी आणि कडक दारू. मोटारींच्या विक्रेत्याला आजही शनिवार किंवा रविवार यांपैकी एक दिवस विक्री बंद ठेवावी लागते. तुम्ही इथे गाडी घ्यायला रविवारी गेला असाल तर शोरूम बंद का होतं ते आता कळेल.

बाकी वस्तूंवरची बंदी गेली आणि या दोनच बंद्या टिकल्या. चर्चचाच जोर असता तर कपडे धुण्याचं यंत्रही रविवारी मिळालं नसतं. या दोन टिकल्या कारण त्या धंद्यातल्या लोकांनाच त्या हव्या आहेत.

म्हणजे दुकानदारांनाच रविवार बंद हवा आहे?

सगळ्यांना नाही, पण लहान दुकानदारांच्या मोठ्या गटाला हवा आहे. टेक्सास पॅकेज स्टोअर्स असोसिएशन ही त्यांची संघटना रविवार उघडण्याच्या प्रस्तावांना अनेक वर्षं विरोध करत आली आहे. त्यांचा हिशोब साधा आहे. गिऱ्हाईक आठवड्यात जेवढी बाटली घेतं तेवढीच घेणार. सहा दिवसांत घेतली काय आणि सात दिवसांत काय. सातव्या दिवशी पगार, वीज आणि पहाऱ्याचा खर्च वाढतो, गल्ला तेवढा वाढत नाही. उलट बाजूला दारू तयार करणाऱ्या मोठ्या कंपन्यांची संघटना आहे. ती रविवार उघडावा म्हणून राज्याराज्यांत प्रयत्न करते आणि विक्री व करही वाढतो असं सांगते.

टेक्सासमध्ये याला आणखी एक पदर आहे. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीला इथे कडक दारूच्या दुकानाचा परवाना मिळत नाही. म्हणून मोठ्या साखळी दुकानांत बिअर-वाइनची रांगच्या रांग असते, पण व्हिस्की नसते. वॉलमार्टने २०१५ मध्ये याविरुद्ध खटला भरला, तरी नियम टिकून आहे. म्हणजे हा धंदा अजून बऱ्याच अंशी कुटुंबांच्या हातात आहे, आणि त्यातली कितीतरी कुटुंबं भारतीय उपखंडातून आलेली आहेत. काउंटरवर नवरा, हिशोबाला बायको, शाळा सुटल्यावर मागच्या खोलीत गृहपाठ करणारी मुलं, असं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. सहा दिवस सकाळी दहा ते रात्री नऊ. शेजारचं दुसरं लिकर स्टोअर सातही दिवस उघडलं तर यांनाही उघडावंच लागेल, मर्जी असो वा नसो. कायद्याने सगळेच बंद असतात म्हणूनच त्यांना सुट्टी घेणं परवडतं.

माझं मत विचाराल तर रविवारची बंदी राहावी. धर्मासाठी नव्हे, त्या काउंटरमागच्या माणसांसाठी. आपली गैरसोय शनिवारी एक फेरी मारून टळते. त्यांची सुट्टी गेली तर ती परत मिळवायचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नाही. पाच टक्क्यांच्या कॅनचा घोळ सरकारने जरूर सोडवावा, पण आठवड्याचा तो एक दिवस त्यांचा राहू द्यावा.

सरकार धर्म लादू शकत नाही ना? मग न्यायालयात हे टिकलं कसं?

टिकलं, १९६१ मध्ये. मेरिलँडमधल्या एका मोठ्या दुकानातल्या नोकरांना रविवारी कागदांची फाइल, फरशीच्या मेणाचा डबा, स्टेपलर आणि खेळण्यातली पाणबुडी विकली म्हणून दंड झाला. त्याच राज्यात रविवारी दूध, पाव, औषधं, तंबाखू, वर्तमानपत्रं विकायला परवानगी होती. खटला 'मॅकगोवन विरुद्ध मेरिलँड' या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला. सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी निकालात मान्य केलं की या कायद्यांचा उगम धार्मिक आहे, पण आता त्यांचा हेतू सर्वांना एकाच दिवशी विश्रांती मिळावी असा ऐहिक आहे, म्हणून ते घटनेत बसतात. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत नोंदवलं.

त्याच दिवशी दुसरा निकालही लागला. फिलाडेल्फियातल्या सनातनी ज्यू व्यापाऱ्यांचं म्हणणं होतं की आम्ही शनिवार पाळतो, कायदा रविवार बंद करायला लावतो, म्हणजे आमचे आठवड्याचे दोन दिवस जातात. ते हरले. हा निकाल मला आजही अन्यायाचा वाटतो. विश्रांतीचा दिवस हवा हे मान्य, पण तो कुणाचा दिवस यावर अल्पसंख्याकाला किंमत मोजावी लागली. रविवारच्या बंदीच्या बाजूने बोलताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

रविवार बंद ठेवल्याने अपघात कमी होतात का?

न्यू मेक्सिको राज्याने १ जुलै १९९५ पासून रविवारी बाटलीबंद विक्री सुरू केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यानंतर रविवारी दारूशी संबंधित अपघात २९ टक्क्यांनी आणि त्यातले मृत्यू ४२ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. हे आकडे सगळीकडे उद्धृत होतात. पण नंतरच्या संशोधकांना बाकीच्या राज्यांत असा ठळक परिणाम आढळला नाही. न्यू मेक्सिकोत अंतरं मोठी, वस्ती विरळ आणि दारूचा प्रश्न आधीपासून गंभीर. त्यामुळे एका राज्याचा आकडा घेऊन टेक्सासबद्दल ठामपणे बोलू नये, ना या बाजूने ना त्या.

आमच्या भागात रविवारीच नाही, कधीच व्हिस्की मिळत नाही. का?

तुमचा भाग पूर्ण किंवा अर्धा 'ड्राय' असेल. टेक्सासच्या २५४ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पूर्ण कोरड्या आता मूठभरच उरल्या आहेत, पण अर्धवट कोरड्या पुष्कळ आहेत. एका रस्त्याच्या अलीकडे बिअर मिळते आणि पलीकडे नाही, असंही होतं. हे स्थानिक मतदानाने ठरतं.

ह्यूस्टनचा हाइट्स भाग हे याचं उत्तम उदाहरण. तो स्वतंत्र गाव असताना १९१२ मध्ये लोकांनी दारूबंदी मंजूर केली. १९१८ मध्ये गाव ह्यूस्टनमध्ये विलीन झालं, पण जुन्या सीमेच्या आतली बंदी तशीच राहिली. शंभर वर्षं. तिथल्या रेस्टॉरंटांनी वाट काढली ती खासगी क्लबची. गिऱ्हाइकाला नाव लिहून क्लबचा सभासद करायचं आणि मग वाइन द्यायची. २०१६ मध्ये मतदान होऊन दुकानात बिअर-वाइन विकायला परवानगी मिळाली आणि २०१७ मध्ये रेस्टॉरंटांना. लबकमध्ये तर २००९ पर्यंत शहरात बाटली मिळत नव्हती. शहराच्या हद्दीबाहेर एका पट्ट्यात दुकानांची रांग होती आणि अख्खं विद्यापीठाचं गाव तिथे गाडीने जायचं.

शहराला वाटलं म्हणून मतदान घेऊन रविवारी लिकर स्टोअर उघडता येतं का, असाही प्रश्न येतो. टेक्सासमध्ये नाही. विकायचं की नाही हे गाव ठरवतं, कधी विकायचं हे राज्य ठरवतं.

दुसऱ्या राज्यात बदली झाली तर?

सगळं पुन्हा शिकावं लागेल. नॉर्थ कॅरोलायनात कडक दारू फक्त सरकारी मंडळाच्या दुकानात मिळते आणि ती रविवारी बंद असतात. युटातही सरकारी दुकानं रविवारी बंद. मिनेसोटात राज्य झाल्यापासून असलेली बंदी २ जुलै २०१७ ला उठली, आता रविवारी ११ ते ६. इंडियानात ४ मार्च २०१८ पासून दुपारी १२ ते रात्री ८, पण तिथल्या किराणा दुकानात बिअर गार मिळत नाही, गार बिअर फक्त लिकर स्टोअरने विकायची. कनेटिकटने मे २०१२ मध्ये रविवार उघडला. जॉर्जियाने २०११ मध्ये हा निर्णय गावोगावच्या मतदानावर सोडला आणि दुकानांची वेळ दुपारी साडेबारापासून ठेवली, चर्च सुटल्यावर. न्यू जर्सीत एडिसनला राहायला गेलात तर रविवारपेक्षा वेगळीच गोष्ट खटकेल: बहुतेक किराणा दुकानांत दारू मिळतच नाही, कारण तिथे एका मालकाला दोनपेक्षा जास्त परवाने ठेवता येत नाहीत.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. त्यांच्याकडेही ओळखपत्र मागितलं. हा अपमान नाही का?

नाही. अनेक दुकानांचा नियम असतो की बरोबर आलेल्या प्रत्येकाचं ओळखपत्र बघायचं, केस पांढरे असोत वा काळे. पासपोर्ट बरोबर ठेवा. भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स काही दुकानं घेत नाहीत. तारखेचाही घोळ होतो: आपण आधी दिवस लिहितो, इथे आधी महिना. ०५/०८ हे आपल्याला ५ ऑगस्ट, काउंटरवरच्या मुलाला ८ मे. एकविसावं नुकतंच लागलेल्या विद्यार्थ्याला यामुळे परत पाठवलं जाऊ शकतं. बाबांना आधीच घरी समजावून सांगा, म्हणजे दुकानात त्यांना वाईट वाटणार नाही.

सर्दीसाठी दोन चमचे ब्रँडी हवी होती, रविवारी कुठे मिळेल?

कुठेच नाही. आणि ब्रँडी हे सर्दीचं औषध नाही, विशेषतः लहान मुलांना तर चमचाभरही देऊ नका.

मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात वाइन ठेवली तर?

शाळेचं सभागृह घेतलं असेल तर विषयच संपला, आवारात दारू आणता येत नाही. खासगी हॉल असेल आणि प्रवेशाला तिकीट असेल, तर वाइन 'फुकट' असली तरी ती विक्रीच धरली जाते आणि तात्पुरता परवाना लागतो. हे काम टेक्सास अल्कोहोलिक बेव्हरेज कमिशनचं. सगळे त्याला 'टीएबीसी' म्हणतात. वेळेत अर्ज करा किंवा ज्यांच्याकडे परवाना आहे अशा केटररला सांगा. मंडळाच्या अध्यक्षांनी तोंडी भरवशावर राहू नये, जबाबदारी त्यांच्या नावावर येते.

शनिवारी बाटली घेतली, गाडीत थोडी उघडली. एवढ्याने काय होतं?

खूप काही. माणसं बसतात त्या भागात उघडी बाटली सापडली तर ५०० डॉलरपर्यंत दंड, गाडी उभी असली तरी, जर ती सार्वजनिक रस्त्यावर असेल. रक्तात अल्कोहोलचं प्रमाण ०.०८ टक्के झालं की गाडी चालवणं गुन्हा आहे, आणि तोल जाताना दिसला तर त्याहून कमी असतानाही.

व्हिसावर असलेल्यांनी पुढचं वाक्य दोनदा वाचा. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, दोष सिद्ध झाला नसला, तरी परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. २०१५ पासून हे धोरण आहे. एफ-१ वर शिकणारा विद्यार्थी किंवा एच-१बी वर काम करणारा माणूस मग देशाबाहेर गेला की नवा व्हिसा मागताना वैद्यकीय तपासणीपर्यंत प्रकरण जातं. या एका गोष्टीवर आपापसांत मोकळेपणाने बोललं पाहिजे. "दोनच पेग घेतले" असं म्हणणाऱ्या मित्राच्या हातातली किल्ली काढून घ्या, तो रागावला तरी चालेल.

हा नियम बदलेल का? आपण नागरिक नाही, आपल्याला काही म्हणता येतं का?

टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षी, जानेवारीच्या दुसऱ्या मंगळवारी ऑस्टिनमध्ये बसतं आणि नियमित अधिवेशन १४० दिवस चालतं. रविवारी लिकर स्टोअर उघडण्याचे प्रस्ताव याआधीच्या अधिवेशनांत आले आणि पडले. २०२१ मध्ये बिअर-वाइनची वेळ दहावर आली, पण लिकर स्टोअरला कुणी हात लावला नाही. पुढचं नियमित अधिवेशन जानेवारी २०२७ मध्ये.

मत फक्त नागरिकाला देता येतं, पण समितीच्या सुनावणीत जाऊन बोलायला नागरिकत्व लागत नाही. आपल्या भागाच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला पत्रही कुणीही पाठवू शकतं. तुमच्या ओळखीत लिकर स्टोअर चालवणारं कुटुंब असेल तर आधी त्यांच्याशी बोला, रविवारचा दिवस ते कसा घालवतात ते विचारा, आणि मग पत्र लिहा.